अनुभव धागा: संध्याकाळच्या बातम्या आणि त्या वाचणारी माणसं

जून २०२२ मध्ये मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारे प्रदीप भिडे गेले, जानेवारी २०२३ मध्ये विश्वास मेहेंदळे. दोन्ही वेळा लोकांनी लिहिलं ते जवळपास सारखंच होतं. भारदस्त आवाज, स्वच्छ उच्चार, एका युगाचा अंत. खोटं काहीच नाही त्यात, पण वाचून हाती काही लागत नाही. म्हणून हा धागा काढतोय.

थोडक्यात पार्श्वभूमी. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीला सुरू झालं. देशात दिल्लीनंतरचं हे दुसरं. तिथे मराठी बातम्या वाचणारे पहिले मेहेंदळे. मग अनंत भावे, भक्ती बर्वे, स्मिता पाटील, प्रदीप भिडे, चारुशीला पटवर्धन अशी नावं जोडली गेली. गंमत अशी की यातल्या बहुतेकांचं पोट बातम्यांवर नव्हतं. भावे कॉलेजात मराठी शिकवायचे आणि मुलांसाठी कविता लिहायचे. बर्वे नाटकातल्या. भिडे रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता शिकलेले, पण नोकरी, जाहिराती आणि माहितीपटांना आवाज देणं, समारंभांचं सूत्रसंचालन, हे सगळं सांभाळत ते वर्षानुवर्षं बुलेटिनं वाचत राहिले. ड्यूटीच्या तक्त्यात नाव लागलं की संध्याकाळी वरळी गाठायची, बुलेटिनमागे ठरलेलं मानधन घ्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये अख्खा डबा आपल्याकडे वळून बघतोय. आज ज्याला करिअर म्हणतात तसलं हे नव्हतंच, आणि तरीही घरोघरी ओळख होती.

तेव्हा आवाजाचं कौतुक पुरे. काय पाहिलंत, घरात काय व्हायचं, त्या खुर्चीच्या आसपास कुणी काम केलं असेल तर काय दिसलं, ते लिहा. टीका असेल तर तीही चालेल.

निवृत्त शिक्षिका, पुणे

आमच्याकडे मुंबईचं चित्र आलं ते १९७३ मध्ये, सिंहगडावरचा मनोरा उभा राहिला तेव्हा. आळीत एकच संच होता, लाकडी सरकत्या दाराचा. बातम्यांच्या वेळी त्या घरची मंडळी जेवायला बसायची आणि आम्ही दहा-पंधरा जण त्यांच्या दिवाणखान्यात. यजमानांना आपल्याच घरात मोठ्याने बोलायची चोरी!

पुढे शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा या बातम्यांचा मी सरळसरळ वापर केला. सकाळच्या पहिल्या तासाला एका मुलाने वर्तमानपत्रातली एक बातमी उभं राहून वाचायची. 'चाका'तला च आणि 'चित्रा'तला च वेगळा, 'जागे'तला ज आणि 'जीवना'तला ज वेगळा, हे नियम सांगून मुलांच्या डोक्यात शिरत नाही. "काल टीव्हीवर कसं म्हणाले?" एवढं विचारलं की पुरायचं. त्यात पोलंडमध्ये उलथापालथ सुरू होती आणि लेक वालेसा नि जारुझेल्स्की ही नावं रोज यायची. वर्गातल्या एका वात्रट मुलाला जारुझेल्स्की न अडखळता म्हणता यायचं, बाकी अभ्यासात त्याच्या नावाने शिमगा. त्या एका नावावर त्याने वर्षभर भाव खाल्ला.

पूर्वी स्टुडिओत फ्लोअरवर काम केलेला, बोरिवली

कागदाबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो.

समोरच्या काचेवर अक्षरं सरकायची सोय फार नंतर आली. तोवर सगळं हातात. एका पानावर एकच बातमी, मोठ्या ठळक अक्षरात, ओळी सुट्या सुट्या. एकच बातमी अशासाठी की क्रम शेवटच्या मिनिटाला बदलायचा. पानांना टाचणी नाही, पिन नाही. वाचून झालेलं पान उचलून पालथं घातलं की खरखर माइकमध्ये जाते, म्हणून ते उचलायचं नाही, अंगठ्याने अलगद डावीकडे सरकवायचं. नवीन आलेल्याला पहिल्यांदा हे जमायचं नाही. मुरलेला माणूस वाक्याचा शेवट कॅमेऱ्याकडे बघून करायचा आणि त्याच वेळी अंगठा पुढचं पान मोकळं करत असायचा. घरी बसून बघणाऱ्याला वाटायचं की याला सगळं पाठ आहे.

सुरुवातीच्या काळात दृश्यं सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर यायची, त्यातली पुष्कळशी मुकी. तिच्यावरचा मजकूर वृत्तनिवेदक तिथल्या तिथे वाचायचा, एक डोळा मॉनिटरवर. मंत्रिमहोदय हार घालून घेताहेत आणि आपण धरणातल्या पाणीसाठ्यावर पोचलोय, असं होऊन चालत नाही. फिल्म संपली किंवा तुटली की कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागतो, म्हणजे तुमचा चेहरा पुन्हा घराघरांत. त्या क्षणी नाक खाजवत असाल तर नशीब तुमचं.

ताजी बातमी आली की आमच्यापैकी एकजण वाकून, जवळजवळ रांगत, कॅमेऱ्याच्या खालून पान टेबलाच्या कडेला ठेवायचा. ते आधी वाचायला मिळत नाही. कधी अक्षर घाईचं, कधी गावाचं नाव खोडून पुन्हा लिहिलेलं. चेहऱ्यावर आठी न आणता ते पान वाचणं हीच खरी परीक्षा होती. आवाज देवाने दिला असेल, हे मात्र कमवावं लागतं.

स्मिता पाटील जीन्सवरच साडी गुंडाळून बसायची, ही गोष्ट मी नोकरीला लागलो तेव्हा जुन्या लोकांकडून ऐकली. टेबलाच्या वरचं तेवढं दिसतं ना! श्याम बेनेगलांनी तिला पहिल्यांदा हेरलं तेही बातम्या वाचतानाच.

गृहिणी, ठाणे

आमच्या आईने भक्ती बर्वेंची 'ती फुलराणी' रंगमंचावर बघितली होती. त्यातली मंजू कशी बोलते ते आठवा. तोंडाला येईल तसं, फुलं विकणाऱ्या पोरीचं बोलणं. आणि तीच बाई टीव्हीवर विधानसभेच्या कामकाजाची बातमी असं वाचणार की एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आईला हे पटायचंच नाही. "हिची जुळी बहीण असणार," म्हणायची. मला वाटतं, नाटकवाल्या माणसाला बातम्या वाचताना सगळ्यात अवघड काय जात असेल तर अभिनय न करणं. बर्वेंना ते जमलं होतं. अपघाताच्या बातमीला गळा काढणं नाही, क्रिकेटच्या विजयाला टाळ्या नाहीत.

साडीचं म्हणाल तर आमच्या वाडीत काठपदराची चर्चा बातम्यांपेक्षा जास्त रंगायची, हे कबूल. आणि काळ्या-पांढऱ्या पडद्यावर रंग ओळखण्याच्या पैजा! १९८२ मध्ये रंग आले आणि ती मजा गेली.

गिरणगावातला, आता डोंबिवली

सगळे गोड लिहिताहेत, मी थोडं वेगळं लिहितो.

बाबा गिरणीत होते. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. चाळीत टीव्ही आला होता आणि बाबा बातम्या न चुकता बघायचे. संपल्या की चपला घालून नाक्यावर जायचे. खरी बातमी तिथे, असं त्यांचं म्हणणं. दूरदर्शन तेव्हा थेट सरकारी खातं होतं, प्रसार भारती हे स्वायत्त महामंडळ आलं १९९७ मध्ये. उद्घाटनं, दौरे, मंत्र्यांची भाषणं यांचा भरणा असायचा, आणि आणीबाणीत तर काय छापायचं नि काय सांगायचं हे सगळंच वरून ठरत होतं. स्वच्छ उच्चारांच्या आठवणी काढताना हे विसरून चालणार नाही.

पण बाबांचा राग वाचणाऱ्यावर कधीच नव्हता. "तो बिचारा दिलेलं वाचतो," म्हणायचे. मजकूर बातमी विभागातले अधिकारी तयार करणार, वृत्तनिवेदकाला फार तर एखादा अडचणीचा शब्द बदलून मागता येणार. तरी मला एक प्रश्न पडतोच. आपण यांना पत्रकार म्हणावं का? भिडेंसारखा पत्रकारिता शिकलेला माणूस इतकी वर्षं दुसऱ्याने लिहिलेलं वाचतो, तेव्हा त्याला काय वाटत असेल? धागाकर्त्याने कौतुकाने लिहिलंय की यांचं पोट बातम्यांवर नव्हतं. मला वाटतं तीच यांची सोयही होती नि मर्यादाही.

मूळ उमरग्याकडचा, सध्या पुणे

गिरणगावकर, तुमचं बरोबर आहे. तरी माझा अनुभव सांगतो.

आमच्या भागात टीव्ही आला तो छोट्या प्रक्षेपकाचा आणि त्यावर सुरुवातीला दिल्लीच दिसायची. मराठी बातम्या दिसायला लागल्या त्या बऱ्याच नंतर. त्यामुळे तुम्ही लोक ज्या नावांच्या आठवणी काढताय ती आमच्याकडे उशिरा पोचली.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे तीन छप्पन्नला भूकंप झाला तेव्हा मी पुण्यात वसतिगृहात होतो. गणपती विसर्जनाची रात्र, अर्धी पोरं नुकतीच झोपलेली. दिवसभर फोन लागेना. तालुक्याला लागेना, लातूरला लागेना. एसटी स्टँडवर कुणी म्हणतं लातूर गेलं, कुणी म्हणतं सोलापूरपर्यंत सगळं सपाट. संध्याकाळी मेसमध्ये बातम्या लागल्या तेव्हा ताट घेऊन कुणी बसलंच नाही, सगळे भिंतीला टेकून उभे.

वाचणाऱ्याने गावांची नावं घेतली. किल्लारी, तालुका औसा. सास्तूर, तालुका उमरगा. मंगरूळ, होळी, पेठसांगवी. एकेक नाव सुटं, घाई नाही, मागे संगीत नाही. सास्तूर माझ्या मावशीचं गाव. दिवसभर अफवांनी डोकं भणाणलं होतं, ते त्या आवाजाने जाग्यावर आलं. वाईट तेच सांगितलं त्याने, पण कुठे जायचं ते कळलं. ताट तसंच ठेवून स्टँड गाठला. मावशी वाचली, काका नाही.

आता चॅनेलवर असल्या वेळी जो आरडाओरडा चालतो तो मला ऐकवत नाही, बंद करतो.

केबलच्या बातम्या वाचलेला, सांगली

वरच्या मोठ्या नावांच्या पंगतीत आमचं पान कुठे, पण धागा 'वाचणारी माणसं' असा आहे म्हणून लिहितो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी गावोगावी केबलवर स्थानिक बातम्या सुरू झाल्या. दिवसा मी विम्याचं काम करायचो, संध्याकाळी बातम्या. स्टुडिओ म्हणजे बाजारातल्या दुकानावरची खोली. भिंतींना घोंगड्या ठोकलेल्या, मागे निळा पडदा, टेबलावर इस्त्री केलेली चादर. खाली मिक्सर दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे आधी त्या पोराला हाक मारून सांगायचं, "पंधरा मिनिटं चालू करू नको रे बाबा." मी डोळ्यांपुढे भिडेंना ठेवून वाचायचो. तसाच सरळ बसायचो, तशीच मान हलवायचो. अंगावर कोट, खाली लुंगी.

रेकॉर्डिंग झालं की कॅसेटच्या प्रती काढायच्या आणि पोरं त्या मोटारसायकलवरून भागाभागातल्या कंट्रोल रूमला पोचवायची. त्यामुळे एकाच बातम्या विश्रामबागला आधी दिसायच्या आणि गावभागात अर्ध्या तासाने. नवरा-बायकोची माहेर-सासरची फोनाफोनी चालायची, "आमच्याकडे येऊन गेलं, तुमच्याकडे येईल आता."

२००५ च्या पुरात खरं काम केलं. कॅसेट पोचवायला रस्तेच नव्हते, म्हणून कंट्रोल रूममध्येच कॅमेरा लावला आणि तिथून थेट बोलायला लागलो. लोकांना दोनच गोष्टी हव्या होत्या. आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट आणि कोयनेतून किती सोडलंय. बाकी राज्यात काय चाललंय ते मोठे चॅनेल सांगत होते, पण कुठल्या गल्लीत होडी पोचली ते सांगणारा मीच. वीज गेलेल्या भागात लोक जनरेटरवर एकच टीव्ही लावून गोळा व्हायचे. तेव्हा मी मान हलवायची, सरळ बसायची सगळी नक्कल विसरलो. गाळाच्या चपला घालून, दाढी वाढलेली, जसा होतो तसा बोललो. नंतर कित्येक दिवस रेशनच्या रांगेत लोक मला विचारायचे, पाणी कधी येणार, पंचनामा कधी होणार, जणू मीच तहसीलदार.

एका वृत्तवाहिनीच्या बुलेटिनवर काम करणारा, मुंबई

सगळ्यांचं वाचलं. मी २००७ च्या आसपास या धंद्यात आलो, मराठीत चोवीस तास बातम्यांच्या वाहिन्या सुरू होत होत्या तेव्हा. आज अँकरच्या कानात सतत कोणीतरी बोलत असतं: "गुंडाळ, फोन लाइनवर आहे, तीस सेकंद." समोर अक्षरं सरकत असतात आणि तीही बऱ्याचदा अर्धवट, कारण बातमी अजून घडतेच आहे. पान अंगठ्याने सरकवण्याची कला आता कुणाला लागत नाही. न लिहिलेलं वाक्य पुरं करण्याची लागते.

जुन्या लोकांबद्दल आदर आहेच. पण 'तो काळ परत यावा' या सुराशी मी सहमत नाही. त्या खुर्चीवरून मंत्र्याला उलट प्रश्न विचारता येत नव्हता, आज येतो. विचारला जातो का, हा वेगळा मुद्दा, आणि त्यावर गिरणगावकरांशी भांडायला मी तयार आहे.

नावं वाचण्याबद्दल उमरगेकरांनी लिहिलंय ते मात्र आमच्याकडे नवीन येणाऱ्या मुलांना वाचून दाखवणार आहे. परवाच एका अपघाताच्या बातमीत गावाचं नाव तीन अँकरनी तीन तऱ्हेने घेतलं. जिल्ह्याच्या वार्ताहराला फोन करून विचारायला दोन मिनिटं लागतात, तेवढीही कुणी काढली नाहीत. दहाचं बुलेटिन आहे, बाकीचं उद्या लिहितो.