उत्तर कोरिया १९६६: नुसतं नशीब नव्हे

वर कुणीतरी १९६६ च्या फुटबॉल विश्वचषकातल्या उत्तर कोरियाला 'नशिबाने इटलीला हरवलेला संघ' म्हटलंय, ते काही पटलं नाही. इटलीचा बुल्गारेल्ली जखमी झाला, बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती, त्यामुळे इटली दहा जणांनिशी खेळली हे खरं. पण उत्तर कोरियाच्या पाक दू-इकचा ४२ व्या मिनिटाचा गोल बघा: धावत येऊन जमिनीलगत मारलेला तिरका फटका! आणि उपांत्यपूर्व फेरीत पोर्तुगालविरुद्ध २५ मिनिटांत ३-० आघाडी? तीही नशिबानेच? मग पोर्तुगालच्या युसेबियोने चार गोल ठोकले आणि सामना ५-३ ने गेला. आघाडी राखायची सोडून हे पठ्ठे पुढे धावतच राहिले. त्यांचे साखळी सामने इंग्लंडमधल्या ज्या मिडल्सब्रोत झाले, तिथली मंडळी तर या सामन्यात त्यांना पाठिंबा द्यायला पार लिव्हरपूलला गेली होती. पात्रता फेरीत आफ्रिकी संघांच्या बहिष्काराचा फायदा मिळाला, हे मान्य. पण ऑस्ट्रेलियाला कंबोडियातल्या नोम पेन्हमध्ये ६-१ आणि ३-१ ने धुतलंच की.