मुंबई एका यादीत वर, दुसरीत तळाला, असं कसं?

प्रश्न: एक यादी मुंबईला बड्या जागतिक शहरांच्या पंगतीत बसवते, राहण्यायोग्य शहरांच्या यादीत मात्र ती पार खाली. खरं काय धरायचं?

उत्तर १: दोन्ही. मोजपट्ट्याच वेगळ्या. लफबरो या ब्रिटिश विद्यापीठात सुरू झालेली, जागतिक शहरांचा अभ्यास करणाऱ्या जीएडब्ल्यूसी या संशोधन गटाची यादी मुंबईला ‘अल्फा’ या वरच्या गटात ठेवते, कारण ती फक्त हिशेबतपासणी, जाहिरात, वित्त, कायदा या सेवांच्या कंपन्यांची कार्यालयं कुठल्या शहरांशी जोडलेली आहेत ते बघते. तिथे बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातली कार्यालयं, कामाला येतं. सकाळी पावणेनऊच्या विरार फास्ट लोकलची गर्दी मोजलीच जात नाही. राहण्यायोग्य शहरांची यादी ईआययूची (इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट). तिच्या १७३ शहरांच्या यादीत स्थैर्य आणि संस्कृती-पर्यावरणाला प्रत्येकी २५ टक्के, आरोग्य व पायाभूत सुविधांना २०-२०, शिक्षणाला १०. दमट हवासुद्धा पर्यावरणाच्या गुणांत धरतात, म्हणजे मे महिन्यातला घामही गुण खातो! चांगल्या घरांची उपलब्धता पायाभूत सुविधांत येते. तिथे आपलं काय होणार, सांगायला नको.

उत्तर २: मर्सर या सल्लागार कंपनीची शहरांच्या महागाईची यादी वाचताना जपून. ती परदेशातून आलेल्या कर्मचाऱ्याच्या खर्चाची, तुलना न्यूयॉर्कशी, हिशोब डॉलरमध्ये. रुपया घसरला की अंधेरीतलं भाडं तेवढंच राहूनही मुंबई ‘स्वस्त’ होते. २०२४ मध्ये १३६वी, तरी भारतात पहिली.

उत्तर ३: हद्दही तपासा. २०११ च्या जनगणनेतले १ कोटी २४ लाख हे बृहन्मुंबईचे. ठाणे, वसई-विरार, नवी मुंबई त्यात नाहीत. दरडोई आकडा असेल तर आधी भाजक बघा, म्हणजे कुठल्या हद्दीच्या लोकसंख्येने भागलंय ते.