आई-बाबांना कॉम्प्युटर शिकवताना खेळ कामी आला का? अनुभव लिहा

राजारामपुरी:
वडीलधाऱ्यांना शिकवताना आपण थेट बँकेपासून सुरुवात करतो. एक बटण चुकलं तर पैसे जातील या भीतीनं त्यांचा हात थरथरतो. म्हणून मी आईला आधी सॉलिटेअर, म्हणजे एकट्यानं खेळायचा पत्त्यांचा खेळ, लावून दिलं. बदाम सात खेळण्यात तिचा जन्म गेलाय. काळ्यावर लाल, लालवर काळा हे एकदाच सांगावं लागलं. शिकायचं उरलं ते पान दाबून धरणं, ओढणं आणि सोडणं. १९९० साली विंडोज ३.० बरोबर हा खेळ आला तेव्हा माउस बहुतेकांना नवाच होता. कित्येकांचा हात याच खेळावर बसला. पुढं फोटो दुसऱ्या फोल्डरमध्ये न्यायची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, "पान हलवायचंच की हे!"
तुमच्या घरी कोणता खेळ चालला, कुठं अडलं? सविस्तर लिहा.

उद्यमनगर:
आमच्या अण्णांचं आयुष्य लेथवर गेलं. मायक्रोमीटरवर ०.०१ मिलिमीटरचा फरक धरणारा माणूस, पण डबल-क्लिक जमेना. दुसरा क्लिक होईपर्यंत माउस सरकायचा. मग कंट्रोल पॅनलमधून डबल-क्लिकचा वेग कमी केला, बाण मोठा केला. हे दोन बदल खेळाच्याही आधी करा, असं माझं ठाम मत आहे.
नंतर माइनस्वीपर, म्हणजे चौकोनी घरांत लपलेले सुरुंग टाळत बाकीची घरं उघडायचा खेळ. आकडा म्हणजे भोवतीच्या आठ घरांत किती सुरुंग, एवढं कळलं आणि अण्णा हिशेब मांडत बसले. डावं बटण घर उघडतं, उजवं झेंडा लावतं. दोन बटणांची कामं वेगळी, हे मी तोंडी सांगून त्यांना पटत नव्हतं, ते इथं आपसूक कळलं. सुरुंग फुटला की म्हणायचे, "मांड परत." मशीनवर चुकलं तर जॉब, म्हणजे घडवायला घेतलेला भाग, वाया जातो, इथं काहीच जात नाही. या मोकळेपणानंच त्यांची भीती गेली. आता वर्कशॉपची कोटेशनं ते स्वतः उघडून बघतात.

शिवाजी पेठ:
एक सांगते. विंडोज ८ पासून ते जुने खेळ सोबत येत नाहीत. बाहेरून उतरवलेल्या एका फुकट खेळात मध्येच जाहिरात आली, आई ती दाबत गेली आणि भलतंच पान उघडल्यावर घाबरली. सुरुवातीला वायफाय बंद ठेवूनच खेळायला बसवा.

कळंबा:
बाबांनी पत्त्यांना हात लावला नाही. आमच्यात पत्ते म्हणजे जुगार, त्यामुळं मीही आग्रह धरला नाही. बुद्धिबळ मात्र त्यांचा जीव की प्राण. सगळ्यात सोप्या पातळीवर लावून दिलं, तर जेवायला हाक मारली तरी उठेनात. मग एकदा स्वतःच म्हणाले, "गावाकडचा सातबारा ह्यात दिसतोय म्हणं, दाव की." महाभूलेख या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी वेबसाइटवर जिल्हा, तालुका, गाव त्यांनीच यादीतून निवडलं. कॅप्चाची, म्हणजे समोर माणूसच आहे हे तपासायला दाखवतात ती, अक्षरं टाइप करताना तेवढे थांबले. कीबोर्डची सवय व्हावी असा खेळ आहे का?

राजारामपुरी:
आहे. जीकॉम्प्रिस नावाचं खेळांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात वरून अक्षरं पडतात, ती खाली टेकायच्या आत दाबायची. मुलांसाठी केलेलं असलं तरी आईला आवडलं. वेग कमी ठेवा आणि कीबोर्ड मोठ्या, ठळक अक्षरांचा घ्या.