मात्सुकातो, टेस्ला आणि बुडीत सोलिंड्रा

‘अर्थतज्ज्ञ मारियाना मात्सुकातो नुसता सरकारचा ढोल पिटतात’ हे मत काही पटलं नाही. आयफोनमधलं जीपीएस, इंटरनेट, सिरी (बोलून काम सांगता येणारा मदतनीस) यांच्यामागे अमेरिकी सरकारचा पैसा होता, हा त्यांचा गाजलेला मुद्दा आता सगळ्यांना पाठ झालाय. खरी मेख पुढे आहे. ओबामांच्या काळात ऊर्जा खात्याने टेस्लाला ४६.५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं आणि सोलिंड्रा या सौर कंपनीला ५३.५ कोटींची कर्जहमी. सोलिंड्रा २०११ मध्ये बुडाली, बोंब सरकारच्या नावाने. टेस्लाने २०१३ मध्ये कर्ज फेडलं, शेअर भडकला. सरकारच्या पदरात मुद्दल आणि व्याज, बस्स! तोटा जनतेच्या माथी, नफा खासगी खिशात, हे बाईंचं खरं दुखणं.

ससेक्स विद्यापीठातून २०१७ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये (यूसीएल) येऊन त्यांनी स्वतंत्र संस्थाच काढली. सरकारने सगळी कामं सल्लागार कंपन्यांना दिली की खात्यातली माणसं काम शिकतच नाहीत, हे त्यांचं म्हणणं मला सर्वांत पटतं. (आपल्याकडच्या कुठल्याही महापालिकेत डोकावून बघा.) मात्र त्या म्हणतात तसा नफ्यातला वाटा सरकारकडे आला तर तो राजकारणी कुठे वळवतील, यावर त्यांचं उत्तर तोकडं वाटतं.