अनुभव धागा: इंटिरियरच्या सामानाचा अंदाज तुम्ही कसा बांधता?

घराच्या इंटिरियरचं बजेट फसतं ते बहुतेक वेळा भाव वाढल्यामुळे नाही, तर माल कमी मोजल्यामुळे. म्हणून या धाग्यावर ज्यानं त्यानं आपापल्या कामातला हिशोब मांडावा. दर शक्यतो लिहू नका. डोंबिवलीचा दर कोल्हापूरला चालत नाही आणि सहा महिन्यांनी डोंबिवलीतही चालत नाही. नग, फूट, शीट, लिटर लिहा.

सुतारकामाचे ठेकेदार, डोंबिवली

वॉर्डरोबचं उदाहरण घेतो. 7 फूट रुंद, 7 फूट उंच, 2 फूट खोल. तीन खण, सहा पल्ले, बारा फळ्या. क्षेत्रफळ काढलं तर चार उभे तक्ते 56, वरचा आणि खालचा आडवा मिळून 28, पल्ले 49, फळ्या (27 बाय 22 इंच) जवळपास 50. बेरीज 183 चौरस फूट. 8 बाय 4 ची शीट 32 चौरस फुटांची, म्हणजे सहा शीटमध्ये काम होईल असं कागद सांगतो. होत नाही. एका शीटमधून 7 फुटी उभे दोनच निघतात आणि वर एक फुटाची पट्टी उरते, तिचा पल्ला होत नाही. चार उभ्यांना दोन शीट, आडव्यांना एक, पल्ले शीटमागे तीन म्हणून दोन, फळ्या शीटमागे सहा म्हणून दोन. झाल्या सात. पाठीला 6 एमएमच्या दोन वेगळ्या, आणि ड्रॉवर असतील तर त्यांच्या बाजूंना 12 एमएमची आणखी. वेस्टेज 10 टक्के धरा, असं सगळे सांगतात. प्लायच्या बाबतीत ही टक्केवारी काही कामाची नाही. शीटचा चौकोन कागदावर काढा, त्यात तुकडे बसवा आणि चौकोन मोजा.

खरी गंमत लॅमिनेटमध्ये आहे. गिऱ्हाईक दुकानात जाऊन बाहेरचं 1 एमएमचं लॅमिनेट हौसेनं निवडतं, त्याच्या भावावर तासभर घासाघीस करतं. ते लागतं फक्त दोन शीट. आतलं मोजा: उभ्यांच्या सहा बाजू म्हणजे तीन शीट, आडव्यांच्या दोन बाजू एक, फळ्यांच्या चोवीस बाजू चार, पल्ल्यांच्या आतून दोन, पाठीला दोन. एकूण बारा. बाहेर दोन आणि आत बारा! चिकटवायचा गोंदही चौदा शीटचा लागतो आणि चिकटवायची मजुरीही चौदाची. खर्च खाली आणायचा असेल तर इथे आणा. आतून आधीच लॅमिनेट लावलेली प्लाय किंवा प्री-लॅम बोर्ड घेतला की गोंद आणि मजुरी दोन्ही वाचतात, फक्त कडा नीट बंद करून घ्या.

हार्डवेअर दुकानदार, नाशिक

याच कपाटाचं पुढचं सांगतो. 7 फुटी पल्ल्याला चार बिजागऱ्या लागतात, तीनवर तो काही महिन्यांत खाली ओढतो. सहा पल्ले, 24 नग. पण सगळ्या एकाच प्रकारच्या नाहीत. कडेच्या दोन पल्ल्यांना झिरो क्रँक (सरळ दांड्याची, पल्ला उभ्याची पूर्ण जाडी झाकतो), अशा 8 नग. मधल्या उभ्यांवर दोन-दोन पल्ले एकच जाडी वाटून घेतात, तिथे 8 क्रँक (वाकलेल्या दांड्याची, पल्ला निम्मी जाडी झाकतो), अशा 16 नग. यादीत नुसतं ‘बिजागरी 24’ लिहिलेलं असलं की हमखास चुकीचा माल जातो आणि पाकीट फुटलं की परत घेणं अवघड होतं.

एज बँडिंग (प्लायच्या उघड्या कडांवर चिकटवायची पट्टी): पल्ल्यांच्या चारही कडा 98 फूट, फळ्यांच्या पुढच्या कडा 27, उभे 28, आडवे 14. एकूण 167 फूट, म्हणजे 51 मीटर. 50 मीटरचा रोल थोडक्यात कमी पडतो. सुतार मग तो ‘थोडका’ भाग दुसऱ्या छटेचा लावतो.

प्लायचे घाऊक विक्रेते, पुणे

दोन कोटेशन शेजारी ठेवण्याआधी दोन्हींत ग्रेड लिहिलाय का बघा. आयएस 303 या प्लायच्या भारतीय मानकात एमआर (दमटपणा सोसणारी) आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही दाद न देणारी) हे दोन्ही ग्रेड येतात, त्यामुळे नुसतं ‘303 ची प्लाय’ म्हणजे अर्धीच माहिती. मरीन, म्हणजे पाण्यात जास्त टिकणारी, हवी तर आयएस 710. ती सिंकखाली, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीशी लावा. सगळ्या घराला लावायची गरज नाही. आणि 18 एमएम सांगितलेली शीट चार कोपऱ्यांवर व्हर्नियरनं मोजा.

टाइलकाम, पुणे

600 बाय 600 चा चार टाइलचा बॉक्स किंवा 600 बाय 1200 चा दोन टाइलचा, दोन्हींत 1.44 चौरस मीटर, म्हणजे 15.5 चौरस फूट माल असतो. बोलताना सगळे ‘16 फुटांचा बॉक्स’ म्हणतात. 10 बाय 12 ची खोली घ्या. 120 भागिले 16, साडेसात, आठ बॉक्स आणा, असा हिशोब होतो. आता नीट करू. जमीन 120. स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची टाइलची पट्टी) दरवाजा वजा करून 41 फूट, 4 इंच उंच, म्हणजे जवळपास 14. एकूण 134, त्यावर तुटफूट आणि कटिंग 8 टक्के, 144. भागिले 15.5, म्हणजे 9.3. दहा बॉक्स. तिरकी रचना असेल तर 8 ऐवजी 12 टक्के धरा.

कमी पडलेले दोन बॉक्स नंतर आणायला गेलात की बॅच बदललेली असते आणि छटा जुळत नाही. म्हणून बिलावर बॅच नंबर लिहून घ्या आणि काम संपल्यावर उरलेल्या चार-पाच टाइल माळ्यावर ठेवा.

अ‍ॅडेसिव्हची 20 किलोची गोणी 3 एमएमच्या थराला साधारण 45 ते 50 चौरस फूट जाते. कोबा उंचसखल असला, थर 6 एमएम झाला, की तीच गोणी निम्म्या जागेत संपते. कोबा सरळ करून घेणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

रंगकाम, कोल्हापूर

डब्यावर छापलेलं कव्हरेज गुळगुळीत पृष्ठभागाचं असतं. प्रत्यक्षात दोन हातांना लिटरला 60 चौरस फूट धरून चालतो. टाइलच्या हिशोबातल्याच 10 बाय 12 च्या खोलीची उंची साडेनऊ फूट धरली तर भिंती 418, त्यातून दरवाजा-खिडकी 41 वजा, 377. सहा लिटरनं भागत नाही, सात लागतात. छताला पांढरा दोन लिटर. गडद छटेला तिसरा हात लागतो, तेव्हा ती भिंत वेगळी मोजा. पुट्टीचा आकडा फोनवर कुणी सांगितला तर मानू नका. 6 फुटी पट्टी भिंतीला लावून मागून उजेड किती दिसतो ते बघितल्याशिवाय तो निघत नाही.

दरवाजे-खिडक्या वजा करायच्या की नाहीत, हे काम सुरू होण्याआधी लिहून घ्या. शेवटच्या बिलात सर्वांत जास्त भांडणं यावरून होतात.

इलेक्ट्रिकल, छत्रपती संभाजीनगर

दिव्यांना 1.5, प्लगला 2.5, एसी आणि गिझरला 4 चौरस एमएमची तार. डीबीपासून (घरातल्या एमसीबीच्या पेटीपासून) एसी 12 मीटरवर असेल तर फेज, न्यूट्रल, अर्थ मिळून 36 मीटर. पण कॉइल एका रंगाची येते. दोन एसींना प्रत्येक रंगाची 24 मीटरच लागते, आणि 90 मीटरच्या तीन कॉइल आणल्या तर दोन तृतीयांशाहून जास्त तार पडून राहते. 45 मीटरची मिळते का किंवा सुटी मिळते का ते आधी विचारा. तांब्याचा भाव हलतो, म्हणून तारेच्या कोटेशनवर तारखेची मुदत हवीच.

इंटिरियर डिझायनर, मुंबई

मालाव्यतिरिक्त चार ओळी अंदाजपत्रकात असायलाच हव्यात: हमाली, डेब्रिज उचलणं, तयार फरशी झाकणं, जीएसटी. 8 फुटी शीट सोसायटीच्या छोट्या लिफ्टमध्ये मावत नाही, ती जिन्यानं जाते आणि हमाली मजल्यागणिक, नगागणिक लागते. नवव्या मजल्यावर तीस शीट हा किरकोळ खर्च नव्हे. सिमेंटवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्के झाला आहे. जुन्या साच्यातून काढलेल्या कोटेशनमध्ये अजून 28 दिसला तर दुरुस्त करून घ्या. प्लाय, टाइल, रंग यांवर 18 टक्के.

राखीव रक्कम वेगळ्या ओळीत दाखवा. दरात मिसळून टाकली की वाचली तरी ती गिऱ्हाइकाच्या हाती येत नाही.

ग्रॅनाइट आणि ओटा, सातारा

एल आकाराचा ओटा, एक बाजू 10 फूट, दुसरी 6, रुंदी 2. दोन्ही बाजू सरळ गुणल्या तर 20 अधिक 12, म्हणजे 32 चौरस फूट. कोपरा दोनदा मोजला गेला. खरं क्षेत्रफळ 28 आहे. खालच्या ट्रॉल्यांचं कोटेशन रनिंग फुटात (नुसत्या लांबीच्या फुटात) असेल तर तिथेही 16 ऐवजी 14 फूटच धरायला सांगा. नोझिंग (ओट्याची पुढची कड गोल करणं) रनिंग फुटानं, सिंक आणि शेगडीचं कटिंग नगावर. सिंक आधी विकत घ्या, मगच भोक पाडायला सांगा.