घोडा रोडावलाय आणि बिथरतोय: दाणा वाढवायचा की वैरण?

निपाणी_पागा
माघात बेळगाव जिल्ह्यातल्या चिंचलीची यात्रा जवळ आली की चिकोडी, रायबाग, अथणी पट्ट्यात घोडागाडीच्या शर्यतींची तयारी सुरू होते आणि प्रत्येक तबेल्यात एकच सल्ला ऐकू येतो: बरगड्या दिसतात? हरभरा वाढवा. हरभरा वाढतो, मक्याचा भरडा वाढतो. आठ दिवसांत जनावर जागेवर झुलायला लागतं, नाल ठोकताना मागचा पाय धरू देत नाही, जुंपताना दोन पायांवर उभं राहतं. बरगड्या मात्र जिथल्या तिथं. मग म्हणतात, याच्या हाडातच मस्ती आहे.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. अशा घोड्याचा दाणा निम्म्यावर आणा, वैरण वाढवा आणि उरलेली ऊर्जा तेलातून द्या.

हिशोब मांडतो. आधी वजन काढा. कोपराच्या मागून छातीचा घेर घ्या, मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्या, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १६० आणि लांबी १४५ असेल तर वजन साधारण ३१२ किलो. या घोड्याला दिवसाला चार किलो दाणा, निम्मा मका आणि निम्मा हरभरा, सकाळ-संध्याकाळ दोन तोबऱ्यांत देतात. म्हणजे एका तोबऱ्यात एक किलो मका आणि एक किलो हरभरा. मक्यात पिष्ट (स्टार्च) साडेसहाशे ते सातशे ग्रॅम, हरभऱ्यात चारशेच्या आसपास. एका वेळेला एक किलोच्या वर पिष्ट झालं. सुरक्षित मर्यादा आहे किलो वजनामागे एक ग्रॅम, म्हणजे या घोड्याला एका वेळी जेमतेम ३१० ग्रॅम. आपण तिप्पट ओततोय.

घोड्याचं जठर आठ ते पंधरा लिटरचं. जास्तीचा दाणा न पचता पुढं ढकलला जातो आणि मोठ्या आतड्यात आंबतो. तिथं आम्ल तयार होतं आणि वैरण पचवणारे जिवाणू मरतात. पातळ, आंबूस वासाची लीद, पोटशूळ, खूर तापणं आणि हा चिडकेपणा, सगळं त्याच घरातून येतं.

अथणी_गाडीवान
निपाणीकर, हिशोब तुमचा बरोबर असेल, पण शर्यतीचं जनावर कडब्यावर पळत नाही. नुसती वैरण घातली की पोट सुटतं आणि पाठीचा कणा तसाच वर राहतो. ताकद लागते ती पुठ्ठ्यात आणि मानेत, तिथं मांस धरायला प्रथिनं हवीत. कडब्यात ती नसल्यातच जमा. हरभऱ्यात वीस टक्क्यांच्या वर आहेत, म्हणून आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या हरभरा चालत आलाय.

आणि तेलाचं गणित करा की. २०० मिली तेलात साडेसोळाशे किलोकॅलरी. अर्धा किलो मक्यात तेवढीच ऊर्जा, आणि मका स्वस्त. शिवाय जोराची धाव लागते तेव्हा स्नायूत साठवलेली साखर जळते. ती पिष्टातून भरून निघते, तेलातून नाही. दाणा निम्म्यावर आणला तर यात्रेला घोडा गाडी ओढणार कशाच्या जोरावर?

दावणीपासून
तुम्ही दोघंही खाण्यावर भांडताय. आधी घोडा बघा.

तोंड उघडून दाढा बघा. वरच्या दाढांची बाहेरची धार आणि खालच्यांची आतली धार झिजत नाही, सुरीसारखी होते. गाल कापतो, जीभ कापते. खूण अशी: गव्हाणीखाली अर्धवट चावलेले वैरणीचे ओले गोळे पडतात, लिदेत अख्खा हरभरा आणि लांब काड्या दिसतात. लगाम ओढला की डोकं झटकतो आणि आपण त्याला चिडका म्हणतो. दाढा कानशीनं घासून घ्यायला वर्षातून एकदा तरी डॉक्टर हवाच.

दुसरं, लीद तपासून मगच जंताचं औषध. अंदाजे बैलाचा डोस देऊ नका.

तिसरं आपल्या भागात फार सुटतं, ते म्हणजे सर्रा, रक्तातल्या परजीवीचा आजार. पावसाळ्यात आणि त्यानंतर मोठ्या चावऱ्या माश्यांमुळं पसरतो. घोडा खातो नीट, पण रोडावत जातो. ताप येतो-जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज उतरते, डोळ्यांच्या आतली कातडी फिकी पडते. रक्ताची तपासणी केल्याशिवाय कळत नाही. अशा घोड्याला तेल काय आणि हरभरा काय, काहीच अंगी लागणार नाही.

निपाणी_पागा
दावणीपासून, हे मान्य. दाढा, जंत, रक्त यांच्या आधी खाण्याची चर्चा नको. धाग्यात मी ते पहिलं लिहायला हवं होतं.

गाडीवान अण्णा, तुमच्या मुद्द्यांना उत्तर देतो. मका अर्धा किलो असता तर वादच नव्हता. इथं चार किलो दाणा आधीच पोटात जातोय आणि त्यावर आणखी अर्धा किलो टाकायचं म्हणताय. भरडलेल्या कच्च्या मक्यातलं पिष्ट लहान आतड्यात निम्म्याहून कमी पचतं. ओटचं ऐंशी टक्क्यांच्या वर पचतं. म्हणून दोन किलो दाणा ठेवायचा तर त्यातला मका काढून ओट घाला, किंवा जव शिजवून घाला. आणि तो चार वेळांत विभागा. पाचशे ग्रॅमच्या एका वाट्यात पिष्ट अडीचशे ग्रॅमच्या आत राहतं.

प्रथिनांसाठी मेथीघास (लसूणघास) आहे. सुकवलेली दीड किलो, किंवा हिरवी सहा-सात किलो. शाळूचा कडबा कुट्टी करून पाच किलो, तोही त्याच्या पुढून संपू द्यायचा नाही. वर तेल २०० मिली, पण पहिल्या दिवशी ३० मिलीच. दर तीन-चार दिवसांनी थोडं वाढवत तीन आठवड्यांत दोनशेवर पोचायचं. घाई केली की लीद तेलकट आणि सैल होते आणि घोडा तोबऱ्याला नाक लावत नाही. सोयाबीनचं किंवा शेंगतेल चालेल, पण ताजं हवं. भजी तळलेलं उरलंसुरलं तेल अजिबात नको. तेल वाढलं की जीवनसत्त्व ई वाढवावं लागतं, दर १०० मिलीमागे किमान १०० आंतरराष्ट्रीय एकक (आययू), तेही डॉक्टरांना विचारून.

अथणी_गाडीवान
चार किलोचा दाणा दोनवर आणला तर कागदावर साडेसहा हजार किलोकॅलरी गेली. तुमची घास, तेल सगळं मिळून पाच हजाराच्या आसपास. मग वजन चढणार कुठून?

निपाणी_पागा
प्रश्न नेमका आहे. कागदावर कमीच दिसतं. पण गेलेल्या साडेसहा हजारातलं किती अंगी लागत होतं, हे लीद सांगते. दुसरी गोष्ट गव्हाणीत दिसते. दाण्यानं आतडं आंबलेला घोडा कडबा टाकून देतो, दोन-तीन किलो रोज खाली तुडवला जातो. आंबणं थांबलं की तोच कडबा खातो. उरलेला कडबा रोज तोलून बघा, दोन आठवड्यांत फरक तराजूवर येतो.

आणि एक किलो वजन चढायला रोजच्या गरजेच्या वर साधारण वीस हजार किलोकॅलरी लागतात. दिवसाला पाव किलो चढलं तर दोन महिन्यांत पंधरा किलो. एवढीच अपेक्षा ठेवा. वीस दिवसांत घोडा भरवून देतो म्हणणाऱ्याकडं जनावर देऊ नका.

खानापूर_भातशेत
हे सगळं शाळूच्या मुलखाचं बोलणं झालं. आमच्याकडं कडबा कुठला? पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा आहे. आणि घरची गिरण असेल तर भाताचा बारीक कोंडा. त्यात पंधरा-वीस टक्के तेल असतं, पिष्टही फार नाही. म्हणजे तुमचं विकतचं तेल आणि दाणा, दोन्हीची सोय घरातच. रोज अर्धा किलो कोंडा घातला तर काय बिघडतं?

दावणीपासून
कोंडा चांगला, पण तीन अटी.

एक, ताजाच हवा. गिरणीतून आला की काही दिवसांतच खवट होतो, पावसाळ्यात त्याहून लवकर. बोटांवर चोळून वास घ्या. कडवट, साबणासारखा वास आला की टाकून द्या. दोन, बाजारातला तेल काढलेला कोंडा वेगळा. त्यात तेल उरलेलंच नसतं, मग तुमच्या मुद्द्याला अर्थ नाही. तीन, कोंड्यात स्फुरद (फॉस्फरस) फार आणि कॅल्शियम नगण्य. महिनोन्महिने नुसता कोंडा आणि पिंजर घातली तर शरीर हाडातलं कॅल्शियम काढून घेतं, जबडा फुगतो, घोडा लंगडतो. गव्हाच्या कोंड्याचंही हेच. अर्धा किलो कोंड्यामागं ३० ग्रॅम चुनखडीची भुकटी मिसळा, खाद्याच्या दुकानात मिळते. पानाचा चुना नव्हे, तो तोंड भाजतो.

पिंजर एकटी पोट भरते, अंग भरत नाही. निम्मी पिंजर, निम्मा भुईमुगाचा वाळलेला वेल घ्या. वेल घेताना झटकून बघा. पांढरी धूळ उडाली तर ती बुरशी आहे, परत करा. उसाचं वाडं (शेंडे) हिरवं म्हणून भरमसाट घालू नका, त्यात प्रथिनं अगदी कमी. आणि कोवळं कडवळ (चाऱ्याची हिरवी ज्वारी) घोड्याला नकोच. गाईला चालतं म्हणून घालतात आणि मग घोडा मागून लडखडतो, लघवी थेंबथेंब गळते.

चिकोडी_वैरणवाला
मेथीघास उष्ण पडते, घोडा आणखी बिथरतो असं इकडं सगळे मानतात. घास नको, त्यापेक्षा सरकी पेंड घाला, म्हशीला घालतो तशी.

निपाणी_पागा
घासीचं पिष्ट नगण्य आहे. बिथरवणारं त्यात फारसं काही नाही. उलट तिच्यातल्या कॅल्शियमनं जठरातलं आम्ल निवतं, आणि कायम चिडलेल्या, उपाशीपोटी कामाला जुंपलेल्या घोड्यांच्या जठरात व्रण असण्याची शक्यता मोठी. जुंपायच्या अर्धा तास आधी मूठ-दोन मूठ घास किंवा कुट्टी द्या, पळताना आम्ल वर उसळत नाही. अति घातली तर तबेल्यात लघवीचा झोंबरा वास येतो. तो आला की एक किलोवर आणा.

सरकी पेंडीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, रोडावलेल्या घोड्यावर तो प्रयोग नको. त्याऐवजी जवस, दिवसाला १५० ग्रॅम. उघड्या भांड्यात भरपूर पाण्यात खळखळ उकळून, चिकट लापशी होईपर्यंत. कोमट पाण्यात नुसता भिजवून ठेवला तर त्यातून विष सुटतं. सोयाबीन कच्चं कधीच नाही, भाजून किंवा उकडूनच.

दावणीपासून
एक भर घालतो, आणि ही विसरू नका. कोंबडीचं खाद्य किंवा गाईचं तयार खाद्य घोड्याच्या गव्हाणीत पडता कामा नये. काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. कोंबडीला आणि गाईला ते चालतं, पण घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्यानं निकामी होतात. त्यावर उतारा नाही. पोती वेगळ्या खोलीत ठेवा, फावडंही वेगळं.

आणि अगदी हाडांचा सापळा झालेला, उपासमारीतून आणलेला घोडा असेल तर वरचं कुठलंच गणित त्याला लावू नका. पहिले दहा दिवस दाणा नाही, तेल नाही. मेथीघास थोडी थोडी, दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. त्याला पोटभर दाणा टाकला तर रक्तातले क्षार कोसळतात आणि घोडा जातो.

खानापूर_भातशेत
डब्यानं मापलं तर चालेल ना? तराजू कुठं घेऊन बसायचं?

निपाणी_पागा
एकदा तरी तोला. एक लिटरच्या डब्यात मका सातशे ग्रॅमच्या वर मावतो, ओट साडेचारशे-पाचशे, गव्हाचा कोंडा दोनशेच्या जवळपास. "दोन डबे दाणा" म्हणताना कुणाच्या पोटात किती जातं ते यावर ठरतं. तोलून झालं की डब्याला आतून रंगाची रेघ मारा, मग रोज तराजू नको. मीठ तीस ग्रॅम रोज, घाम गाळला तर जास्त. पाणी सतत पुढं. सुका कडबा आणि कमी पाणी म्हणजे आतड्यात बुच बसलंच समजा. कुठलाही बदल दहा-चौदा दिवसांत, एका रात्रीत नाही.

दोन फुटांच्या दोरीला दिवसभर बांधलेला घोडा खाण्यानं शांत होणार नाही. रोज दोन-तीन तास मोकळा सोडा, शेजारी दुसरं जनावर दिसू द्या, कुट्टी बारीक जाळीच्या पोत्यातून द्या म्हणजे तोंड चालू राहतं.

अथणी_गाडीवान
चार वाटे आणि ओट, हे पटलं. मक्याचा भरडा बंद करायला हरकत नाही. पण शर्यतीच्या सरावाच्या दिवशी मी दाणा तीन किलोवर नेणार, सहा वाट्यांत. दोन किलोवर ओढीचं काम होत नाही, यावर मी ठाम आहे.

दावणीपासून
न्या, पण विश्रांतीच्या दिवशी आदल्या रात्रीपासूनच निम्मा करा. कामाच्या दिवसाचा दाणा सुट्टीच्या दिवशी चालू ठेवला की दुसऱ्या दिवशी जुंपल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पुठ्ठा दगडासारखा कडक होतो, घाम फुटतो, लघवी कॉफीच्या रंगाची येते. त्या वेळी घोड्याला एक पाऊलही चालवू नका. जागेवरच उभा करा, पाणी द्या आणि डॉक्टरांना तिथंच बोलवा.

अथणी_गाडीवान
आमच्याकडं अशा वेळी चालवतात, मोकळा होईल म्हणून.

दावणीपासून
तेच थांबवा. चालवलं की स्नायू आणखी फाटतात आणि त्यांतून सुटलेलं रंगद्रव्य मूत्रपिंडात जाऊन अडकतं.