हौशी झॉम्बीपट नेमका कुठे फसतो? (अनुभव धागा)

कॉलेजातली पाच-सहा मुलं, एक मोबाईल, उसनं सामान आणि सुट्टीचे दिवस एवढ्यावर झालेला झॉम्बीपट पाहताना जीव तुटतो. मेहनत दिसत असते, तरी दहाव्या मिनिटाला लक्ष उडतं. पैसे कमी पडले म्हणून असं होतं, हे पटत नाही. १९६८ सालचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' पिट्सबर्गजवळच्या एका शेतघरात, मोजक्या नटांवर उभा राहिला. बाहेरच्या जगाचं काय झालं ते बरंचसं रेडिओ आणि टीव्हीच्या बातम्यांतून कळतं. २००८ चा ब्रिटिश 'कॉलिन' तर ४५ पौंडांत केल्याचं सांगितलं गेलं. तेव्हा पडद्यावर काय खटकतं, का खटकतं आणि तेवढ्याच खर्चात काय करता येतं, ते आपापल्या खात्यातून लिहा.

ध्वनी बघणारा

आधी आवाज. चित्र थोडं खरखरीत असलं तरी लोक सहन करतात, पण संवाद कळला नाही की उठून जातात. कॅमेरा तीन मीटरवर असला की त्याचा माईक नटाइतकाच पंखाही टिपतो. दुसरा फोन नटाच्या खिशात ठेवा, कॉलर माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा आणि शॉटच्या सुरुवातीला टाळी वाजवा. संकलनात चित्र आणि आवाज त्या टाळीवर जुळवता येतात. प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प करून ३० सेकंद नुसती खोली ध्वनिमुद्रित करा. ती नसली तर दर कटला मागचा आवाज तुटतो आणि कान अडखळतो. उघड्यावर वाऱ्याला स्पंजची टोपी पुरत नाही, माईकला केसाळ कापड लागतं.

झॉम्बींचं गुरगुरणं हा वेगळाच विषय. सगळे एकाच पट्टीत 'आऽऽ' करतात, म्हणून भीती वाटत नाही. एकाने श्वास आत ओढताना आवाज काढावा, एकाने तोंड मिटून, एकाने घशात पाणी घोळवत. असे सहा-सात आवाज एकावर एक ठेवा. लचका तोडताना ओला टॉवेल पिळल्याचा आवाज, हाड मोडताना ताजं गाजर किंवा सेलरी.

रंगभूषाकार

चेहरा पांढराफटक, आणि कान, मान, मनगट मात्र रोजच्यासारखं धडधाकट. ही चूक जवळजवळ प्रत्येक हौशी सिनेमात दिसते. आपल्या सावळ्या कातडीवर पांढरी पावडर मढं दाखवत नाही, राख फासल्यासारखी दिसते. पातळ हिरवट-पिवळा थर द्या, डोळ्यांच्या खोबणीत आणि गालफडाखाली जांभळा-तपकिरी, आणि हे सगळं कॉलरच्या आतपर्यंत न्या. दातांवर खाण्याचा तपकिरी रंग लावा. पांढरेशुभ्र दात सगळी मेहनत घालवतात.

जखमेसाठी द्रव लॅटेक्स (वाळल्यावर कातडीसारखं होणारं पातळ रबर) आणि टिश्यू पेपर. एक थर लॅटेक्स, त्यावर फाडलेला टिश्यू (कापलेला नको, सरळ कड लगेच दिसते), पुन्हा लॅटेक्स. असे तीन थर, प्रत्येक थर ड्रायरच्या थंड हवेवर वाळवून. मग मधोमध फाडा आणि आत गडद लाल भरा. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघायचाच, कारण लॅटेक्सची ॲलर्जी गंभीर असू शकते. डोळ्यांजवळ लावू नका. भुवयांवर आधी व्हॅसलीन, नाहीतर काढताना केस उपटून येतात. जिलेटिनच्या जखमा स्वस्त पडतात, पण मे महिन्यात उन्हात त्या ओघळतात.

रक्त: १ कप लिक्विड ग्लुकोज (केकचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं), पाव कप पाणी, २ चमचे लाल खाद्यरंग, १ चमचा कोको आणि निळ्याचा एखादा थेंब. नुसता लाल रंग कॅमेऱ्यात गुलाबी दिसतो. १९६८ च्या त्या सिनेमात चॉकलेट सिरप चाललं, कारण तो कृष्णधवल होता. कपड्यांवर लावायच्या रक्तात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाका, डाग निघायला मदत होते. तोंडात घ्यायच्या रक्तात अजिबात नको. आणि बाटली झाकून ठेवा, मुंग्या येतात.

कॅमेरा

रात्रीचे प्रसंग खऱ्या रात्री घेतात आणि पडद्यावर काळ्या रंगात नुसते दाणे नाचतात. सूर्यास्तानंतरची पंचवीसेक मिनिटं वापरा. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड) दीड-दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा ठरवणारी सेटिंग) ३२०० केल्व्हिन, म्हणजे चित्र निळसर होतं, आणि आकाश फ्रेमबाहेर. आकाश उजळ दिसलं की रात्र खोटी पडते.

दिव्यांखाली चित्रावर पट्टे धावत असतील तर कारण हे: आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि फोन सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं), १/६० सेकंद शटरवर (प्रत्येक चित्र टिपण्याचा वेळ) चालतोय. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा, बहुतेक वेळा पट्टे जातात.

गर्दी सांभाळणारी

दहा जणांचे पन्नास करायचे तर मैदान सोडा, बोळ घ्या. लांब (दूरचं जवळ आणणाऱ्या) लेन्सने समोरून, पुढच्या तिघांची पूर्ण रंगभूषा, मधल्यांना नुसता रंग, मागच्यांना धुळीचे कपडे. प्रत्येकाला एक मोडका सांधा ठरवून द्या: घोटा, खुबा, खांदा. सगळे हात पुढे करून चालले की कवायत वाटते.

बाहेर शूटिंग असेल तर लेखी परवानगी आणि पोलीस ठाण्याला आधी कल्पना. खोटी बंदूक शॉट संपल्यावर लगेच पेटीत.

संकलक

सगळ्यात मोठा दोष लांबीचा. बारा मिनिटांच्या मालावर नव्वद मिनिटं ताणतात, त्यातली पहिली वीस गाडीतल्या गप्पांत जातात. 'कॉलिन'ने गोष्ट झॉम्बीच्याच बाजूने सांगितली. साहजिकच संवाद फार लागले नाहीत आणि वर लिहिलेली ध्वनीची अर्धी दुखणी उद्भवलीच नाहीत. मला ही निवड ४५ पौंडांच्या आकड्यापेक्षा मोठी वाटते.

दुसरं, नियम. चावल्यावर किती वेळात बदल होतो, ते पळतात की फरफटतात, कशाने मरतात, हे कागदावर लिहून सेटवर चिकटवा. एक मित्र दोन मिनिटांत बदलतो आणि नायिकेला तासभर काही होत नाही, तिथे प्रेक्षक सुटतो.

टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या एमिली हॅगिन्सने बाराव्या वर्षी 'पॅथोजन' हा पूर्ण लांबीचा झॉम्बीपट दिग्दर्शित केला. त्या चित्रीकरणावरचा 'झॉम्बी गर्ल' हा माहितीपट नव्या मुलांनी सुरू करण्याआधी जरूर पाहावा.

गोळीबाराचा तयार इफेक्ट चिकटवताना बंदुकीच्या तोंडची ज्वाळा एकच फ्रेम ठेवा आणि त्याच फ्रेममध्ये नटाचा चेहरा आणि मागची भिंतही उजळवा. तेवढं केलं नाही तर ज्वाळा चित्रावर डकवलेली दिसते.